वर मागावा कोणी?

कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांच्या आतील मनुष्य ‘अज्ञान’ असतो. त्याने आपले घर गहाण टाकले तर ते गहाण मुळातच निरर्थक, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात दिला आणि आम्ही वकील मंडळी तो आजही उद्धृत करीत असतो. पण याच अज्ञान मुलाला सोळाव्या वर्षी आपण विचारतो, “तू पुढे कोण होणार?” आणि त्याच्या उत्तराशी त्याचे आयुष्य बांधून टाकतो. खरे सांगायचे तर विचारतोही क्वचितच. बहुधा उत्तर आपले असते. अर्जावर नाव तेवढे मुलाचे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि विज्ञान यांमधील भिंत पाडावी, विषयांची निवड विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, असे म्हटले आहे. यावर अनेक वडीलधाऱ्यांचा आक्षेप असा की, मुलाला स्वतःचे मन कळत नाही. आजची हौस उद्या राहत नाही. हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्यावरून मुलाचे ध्येय बापाने ठरवावे, हे कसे सिद्ध होते, ते मला कळलेले नाही. बापालाही मुलाचे मन कळत नसतेच.

नचिकेत्याची कथा आपल्या वाचकांस नवी नाही. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिलेल्या त्या मुलाला तीन वर मिळाले. पहिला त्याने बापासाठी मागितला: त्याचा राग शांत व्हावा. दुसऱ्याने स्वर्ग्य अग्नीची विद्या घेतली. तिसऱ्या वराला, मेल्यानंतर माणसाचे काय होते, हा प्रश्न त्याने घातला. यमाने तो लगेच मान्य केला नाही. दीर्घायुषी पुत्रपौत्र, हत्ती, घोडे, सोने, विस्तीर्ण भूमी, हवे ते घे, पण हे विचारू नकोस, म्हणाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. यमाने ‘तू लहान आहेस’ असे म्हणून त्याला परत पाठविले नाही. त्याने वयाची नव्हे, इच्छेची परीक्षा घेतली. आणि इच्छा टिकली तेव्हा स्वतः शिकवावयास बसला. आपल्याकडे काही पालक परीक्षाच घेत नाहीत आणि काहींची परीक्षा कधी संपत नाही. ‘तुला हवे ते कर’ म्हणून बाजूला होणारे पालक उदार समजले जातात. मला तर त्यांत पुढील अपयशाचा दोष आधीच मुलाच्या पदरी टाकण्याची सोय दिसते.

इच्छा टिकल्याचे उदाहरण आपल्या गोव्यातच आहे. साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांना फारसे शालेय शिक्षण मिळाले नाही. माडांची बागायत सांभाळणाऱ्या या तरुणाने बुद्धाविषयी वाचले आणि तो धर्म मुळातून जाणून घ्यावा, हे एकच ध्येय धरून १८९९ साली घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप. कोणत्याही विद्यापीठाने हा अभ्यासक्रम आखलेला नव्हता. काशीला अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, अट एवढीच की महाराष्ट्रात राहावे आणि ग्रंथ लिहावे. अन्नछत्र आणि हे ५० रुपये यांवाचून त्या ध्येयाचे काय झाले असते? स्वातंत्र्य देणाऱ्याने शिधाही द्यावा लागतो. मात्र या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे वकिलाला शोभणार नाही. घर सोडताना त्यांची पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिली होती. एकाच्या ध्येयाचे मोल पुष्कळदा दुसऱ्याने भरलेले असते.

हे सारे मी लिहितो आहे ते माझ्या मुलीमुळे. अकरावीच्या अर्जाच्या वेळी तिने मोडी आणि पोर्तुगीज शिकून गोव्यातील जुनी कागदपत्रे वाचण्याचा मनोदय सांगितला. त्यावर मी काय केले? माझी कचेरी, पुस्तकांनी भरलेली कपाटे, वीस वर्षांचे पक्षकार, हे सारे तिच्यापुढे मांडले. हत्ती नि घोडे तेवढे माझ्याकडे नव्हते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि नाही म्हणाली. मग मी तिला कोसंबींची हकिकत सांगितली. हेतू हा की, या वाटेवर किती हाल असतात ते तिला कळावे. तिने विचारले, “बाबा, बाळाबाईंना काय शिकायचे होते, ते कोणी विचारले होते का?”

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तिच्या आईने लग्नापूर्वी गाण्याचा अभ्यास सोडला, तेव्हा मीही विचारले नव्हते.

अर्जावर पालकाची सही लागते. ती मी दुसऱ्या दिवशी सकाळी केली. मोडी शिकविणारे कोणी जवळपास मिळते का, याचा शोध चालू आहे. दोघांना पत्रे लिहिली आहेत आणि एकाचे उत्तर यावयाचे आहे.