घाबरलेला चेहरा आणि दानिएलचा प्रश्न



आपला गोंदिया जिल्हा धानाचा. पण जुन्या काळी तांदळाला आणखी एक काम होते, चोर पकडण्याचे! धर्मशास्त्राच्या ग्रंथांत तांदळाचे दिव्य सांगितले आहे. संशयिताने तांदूळ चावून थुंकायचे. थुंकीत रक्त दिसले की तो दोषी. भीतीने तोंड कोरडे पडते, हेच त्यातले मर्म असावे. पण भीती काय फक्त चोरालाच वाटते?

पुढे यंत्रे आली. लाय डिटेक्टर श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम मोजतो. म्हणजे खोटे नव्हे, मनाची घालमेल मोजतो. २००८ साली पुण्याच्या न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या तपासणीचाही आधार घेऊन शिक्षा सुनावली होती. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या कोणावरही सक्तीने करण्यास मनाई केली.

आपण मात्र यंत्राशिवायच निकाल देतो. घरातले पैसे हरवले, मुलगा खाली मान घालून उभा राहिला, झाले! सून गप्प बसली की म्हणतो, "चेहराच सांगतो." अहो, मोठ्यांसमोर मान खाली घालायला मुलांना आपणच शिकवले ना? २००६ साली दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सुमारे २४ हजार लोकांनी केलेली खऱ्याखोट्याची पारख एकत्र तपासली. शंभरात सरासरी ५४ वेळा ती बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी पन्नास वेळा जमले असते. म्हणूनच पुराव्याविना दुसऱ्याला दोषी मानणे हाही आठव्या आज्ञेचा भंग आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते.

दानिएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय या आठवड्यात घरी सर्वांनी मिळून वाचू या. दोन वयस्कर न्यायाधीशांनी सुझान्नावर व्यभिचाराचा खोटा आळ घेतला. ती रडत होती, पण लोकांनी पाहिले ते त्या दोघांचे वय आणि हुद्दा. कोवळ्या दानिएलने कोणाचाच चेहरा वाचत बसण्यात वेळ घालवला नाही. दोघांना एकमेकांपासून दूर केले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तिला कोणत्या झाडाखाली पाहिले? दोघांनी दोन वेगळी झाडे सांगितली.

हा प्रश्न विचारला गेला, त्याआधीच शिक्षा ठरली होती. सुझान्नाला वधासाठी नेत होते. दानिएल ओरडला, तेव्हा सगळी गर्दी थांबली आणि घाईघाईने न्यायसभेकडे परत फिरली.