आमची रोजची भाकर



दरवर्षी फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेसाठी लांबलांबून भाविक येतात. कोणाला नोकरी हवी असते, कोणाला मूलबाळ, कोणाला आजारपणातून सुटका. संसाराच्या अशा गरजा देवापुढे मांडाव्यात का? अवश्य मांडाव्यात. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी आहेच.

पण थोडा विचार करू या. त्याच दिवसांत निफाडच्या द्राक्षबागांत घड तयार असतात. अवकाळी पावसाने मणी तडकतात, म्हणून बागायतदार विनवितो, 'प्रभो, आता पाऊस नको.' तिकडे नांदगावकडे विहीर आटलेला शेतकरी पाऊस मागतो. दोघेही एकाच पित्याची लेकरे. मग देवाने कोणाचे ऐकावे?

संत थॉमस अक्वायनस सांगतात की, आपण प्रार्थना करतो ती देवाला आपली गरज कळावी म्हणून नव्हे, तर त्याच्या साहाय्यावाचून आपले चालत नाही, हे आपल्याला उमगावे म्हणून. गेथशेमनी बागेत प्रभू येशूनेही दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी केली आणि शेवट पित्याच्या इच्छेवर सोपविला. प्याला टळला नाही. पण पित्याने त्याला कबरेत राहू दिले नाही.

म्हणून आपण मोकळेपणाने मागू या. मात्र देवाशी सौदा नको. आणि भाकर 'माझी' नव्हे, 'आमची' मागू या. ह्या आठवड्यात स्वतःच्या मागणीआधी शेजाऱ्याची एक गरज देवापुढे ठेवू या. ती आपल्या हातून भागण्याजोगी असेल, तर प्रार्थनेवरून उठून आधी ती भागवू या.