खुर्ची नसलेली वर्षे

ग्रामपंचायतीचे उमेदवारी अर्ज भरायचे दिवस आले की गावागावांत एक गंमत दिसते. एरवी शिपायाला दारातूनच परत पाठवणारी मंडळी घरपट्टी-पाणीपट्टीची पावती घ्यायला स्वतःहून कार्यालयात येतात. थकबाकीदाराला निवडणूक लढवता येत नाही, असा कायदा आहे. पाच वर्षांत जी वसुली सरपंचाच्या विनवण्यांनी होत नाही, ती या आठवड्यात होते.

शेतकरी माणसाने गावकारभारात आयुष्य घालवणे म्हणजे काय, ते या वसुलीत कळते. ज्याच्याकडे पट्टी मागायची त्याच्या बांधाला आपला बांध. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. पाणंद रस्ता खुला करायचा ठराव संध्याकाळी मांडायचा आणि ज्याचे अतिक्रमण निघणार त्याच्याच ट्रॅक्टरने सकाळी पेरणी करून घ्यायची. शहरातल्या नगरसेवकाला हे संकट ठाऊक नसते. माझ्या मते गावच्या राजकारणातले खरे लेखापरीक्षण बांधावर होते आणि त्याला सुट्टी नसते.

‘तीस वर्षे सेवा’ असे निरोपाच्या फलकावर लिहिलेले असते, तेव्हा ती तीसही वर्षे खुर्चीतली आहेत असा समज होतो. तो चुकीचा आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली आणि सरपंचपदाला फिरते आरक्षण आले. महिलांचा वाटा आधी एकतृतीयांश होता. महाराष्ट्राने २०११मध्ये तो निम्मा केला. त्यामुळे एकाच माणसाने सलग सरपंच राहणे अवघड झाले, आणि हे चांगलेच झाले. एकदा सरपंच, मग साधा सदस्य, मधे सोसायटीचा संचालक, पुन्हा उपसरपंच असा हा प्रवास असतो.

हिवरे बाजारचे उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, तरी त्याची एक बाजू कमी बोलली जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या पर्जन्यछायेतल्या गावाची धुरा १९८९च्या सुमारास पोपटराव पवारांकडे आली, तेव्हा ते एम.कॉम. झालेले, क्रिकेटवेडे तरुण होते. पुढे ते उपसरपंच म्हणूनही राहिले. २०२०च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान यांची चर्चा पुष्कळ झाली. मला महत्त्वाचा वाटतो तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला हे मोजायचे आणि कोणती पिके घ्यायची ते त्यावरून ग्रामसभेत ठरवायचे. शेतीसाठी बोअर नको, ऊस नको, केळी नको. हे सांगायला अधिकारी चालत नाही. ज्याच्या स्वतःच्या रानात ऊस उभा राहू शकला असता आणि त्याने तो लावला नाही, त्याचेच गाव ऐकते.

पण मग गाव एका माणसाच्या नावाने चालते, त्याचे काय? आक्षेप खरा आहे. जानेवारी २०२१मध्ये हिवरे बाजारात सुमारे तीन दशकांनी प्रत्यक्ष मतदान झाले. अनेकांना हळहळ वाटली, मला बरे वाटले. विरोधात कोणी उभे राहिले म्हणजे गाव जिवंत आहे. (पवारांच्याच गटाने सर्व जागा जिंकल्या, हा भाग वेगळा.) त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबारमधले खोंडामळी इथल्या निवडणुका, पदांचा लिलाव झाल्याच्या कारणावरून राज्य निवडणूक आयोगाला रद्द कराव्या लागल्या. ‘बिनविरोध’ या शब्दात एकी असते तशी बोलीही असू शकते.

म्हणून जुन्या कारभाऱ्याची परीक्षा मी खुर्ची गेल्यावर घेतो. सरपंचपद महिलेसाठी राखीव झाले की काही जण बायकोला उभे करतात, सही तिची आणि कारभार आपला. ‘सरपंचपती’ हा शब्द मराठीला अशांनीच दिला. काही जण मात्र मासिक सभेत मागच्या बाकावर बसतात, विचारले तर बोलतात.

गावच्या जुन्या नळयोजनेचा नकाशा बहुधा कुठेच नसतो. पाइप कुणाच्या वाड्याखालून गेला, व्हॉल्व्ह कुठल्या उकिरड्याखाली दबला, हे त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात असते. ते त्याच्याबरोबर जाऊ द्यायचे नसेल, तर एखाद्या सकाळी नव्या सरपंचबाईंना आणि शिपायाला घेऊन त्याने गावठाणातून चालत जावे, काठीने जागा दाखवावी, आणि शिपायाने तिथे चुन्याची फुली मारावी.