चालत्या दप्तरांतील हात

दोडामार्गाकडील एखादा सातबारा उघडून पाहावा. बाग लहानशी काजूची, पण हिस्सेदार पुष्कळ. त्यांतले कित्येक मुंबईस, कित्येक गोव्यांत. हें दप्तर कागदाचें होतें तेव्हां नांव कमी करावयाचें झाल्यास तलाठी त्यास कंस करी, आणि कंसांतलें नांव मागाहून वाचतां येई.

आतां दप्तर संगणकांत आहे व तें सदैव चालू असतें. अशा चालत्या माहितीसाठ्यांत हातानें दुरुस्ती करण्याचा प्रसंग आला कीं जाणत्याचाही हात कांपतो. ‘अमक्या ओळींतील नांव बदल’ या आज्ञेंतील ‘अमक्या ओळींतील’ एवढे शब्द राहिले, तर यंत्र निमूटपणें सर्वच ओळींतील नांवें बदलून टाकतें. कागदावर लिहिणारा निदान दहाव्या नांवापाशीं थबकला असता! ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्यानें भलत्याच यंत्रावर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारें सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

ही धास्ती दुबळेपणा समजावी काय? पुष्कळजण तसें समजतात, आणि सरावानें ती जाते असें सांगतात. मला तर ती गेली कीं खरी भीति वाटूं लागते. ज्याचें नांव बदलावयाचें तो त्या क्षणीं तेथें नाहीं, त्याला ठाऊकही नाहीं. घरधनी नसतांना त्याच्या पेटीला हात लावावा लागला तर जो संकोच वाटेल, तोच हा; शिक्षेच्या भयाशीं त्याचा संबंध थोडा.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें हा संकोच नियमांत बसविला आहे. तिचें १५७ वें कलम हक्कनोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानतें. म्हणजे चुकलेली नोंदही तोंवर खरीच! १५५ वें कलम लेखनप्रमाद सुधारूं देतें, परंतु अधिकाऱ्यास तपासणींत चूक आढळली तर पक्षकारांस नोटीस दिल्यावांचून नव्हे. २०१७ सालीं संगणकांतील सातबाऱ्यांचें चावडीवाचन झालें, तेंही याच बुद्धीनें.

तथापि नोटिशीची वाट पाहतां पाहतां एका अक्षरानें चुकलेलें नांव तसेंच राहतें, आणि त्यापायीं एखाद्या विधवेचें पीककर्ज अडतें. हात न लावणें हेंही कृत्यच होय. म्हणून धास्तीनें हात आखडूं नये. किती ओळी बदलणार तें आधीं मोजावें, जुनी प्रत ठेवावी, मागें घेतां येईल अशा बेतानें आज्ञा द्यावी, आणि ती सहकाऱ्यास मोठ्यानें वाचून दाखवावी. रात्रीं सहकारी नसेल तर सकाळपर्यंत थांबावें. त्या बाईचें कर्ज एका रात्रीनें बुडत नाहीं.