तेल शुद्ध, मग दोष कुणाचा?

नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणं लावून फडके रोडवर जमणाऱ्या डोंबिवलीतल्या तरुण पोरांनी मुरमांसाठीही तेलाकडेच वळावं, यात नवल नाही. त्यांच्या गावाला लागून एमआयडीसी आहे. २०१४च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला; २०१६च्या मेमध्ये प्रोबेस कंपनीत आणि २०२४च्या मेमध्ये अमुदानमध्ये स्फोट होऊन माणसं मेली. ‘केमिकल’ची इथली धास्ती पुस्तकातून आलेली नाही. म्हणून करंजाच्या किंवा कडुनिंबाच्या तेलाची बाटली हातात आली की निम्मं दुखणं तिथेच बरं झाल्यासारखं वाटतं. हा दिलासा मात्र औषधाचा नाही, सोवळ्याचा आहे. तेल कातडीवर नेमकं काय करतं हे कुणी विचारत नाही; ते कुठल्या कुळातलं, एवढंच पाहिलं जातं. तेल लावायला माझी हरकत नाही. त्याला पुण्यवान ठरवण्याला आहे. कारण पुण्य तेलाच्या खात्यावर जमा झालं की पाप रुग्णाच्या नावे पडतं.

माणसाचं भलं चिंतून कुठलंही झाड बी धरत नाही. बिब्बा घ्या; शनिवारी लिंबू-मिरचीबरोबर ओवून दुकानाच्या दारावर टांगतात तोच. त्याचं काळं तेल शंभर टक्के नैसर्गिक. ते अंगावर उतलं की कातडी लाल होते, खाज सुटते, पाण्याने भरलेले फोड येतात आणि मागे काळा डाग राहतो. आयुर्वेदाला हे ठाऊक होतं, म्हणून शोधन केल्याशिवाय तो बिब्बा वापरत नाही. नीट योजलं तर जहाल विषही औषध होतं आणि वाईट योजलं तर औषधही विष होतं, हा विचार चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात आहे. तेव्हा ‘नैसर्गिक ते निर्धोक’ हे आपल्या परंपरेचं म्हणणं नव्हेच. ते अलीकडच्या लेबलांचं आहे. शिवाय गरीब वाटणारी तेलंही सगळ्यांना सारखी मानवत नाहीत. डोक्यातल्या कोंड्यात आणि नाकाच्या कडेच्या लालसर खपल्यांत मॅलासेझिया नावाच्या बुरशीचा हात असतो, आणि तेलातली मेदाम्लं हे तिचं अन्न. तिथे रोज तेल थापणारा तिलाच पोसत असतो.

पण तेल लागू पडलं नाही की काय होतं? त्याच चरकसंहितेत कुष्ठाच्या कारणांत विरुद्ध आहाराबरोबर गुरुजनांचा अपमान आणि पापकर्मही मोजलं आहे. आणि कुष्ठ या नावाखाली तेव्हा कितीतरी त्वचारोग येत. आज मागच्या जन्मीचं पाप कुणी काढत नाही. त्याऐवजी पोरीला ‘बाहेरचं खातेस’, ‘रात्री जागतेस’, ‘रक्तच अशुद्ध आहे’ असं ऐकवतात. आरोपाची भाषा बदलली, आरोपी तीच. तेल निर्दोष धरलं आहे ना, मग दोष कातडीवाल्याचाच निघणार. तुवरकाच्या तेलाची हकिगत इथे उपयोगी आहे. सुश्रुताने सांगितलेलं हे तेल. त्याच्या जातीतलं एक झाड आपल्या सह्याद्रीत कडू कवठ म्हणून ओळखलं जातं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुष्ठरोगावर जगभर याच कुळातलं तेल देत. काहींना गुण येई, पण पोटात घेतलं की मळमळ, टोचलं की वेदना. १९१५च्या सुमारास हवाईत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने त्यातल्या मेदाम्लांचे एस्टर बनवून वेगळे केले, तेव्हा ते टोचण्याजोगं झालं. १९४०च्या दशकात सल्फोन औषधं आली आणि तेल मागे पडलं. ज्या रोगापायी माणसाला वाळीत टाकत, तो गोळीने जातो, हे त्या कारखान्यातल्या औषधांनी दाखवलं. रोग्याच्या कपाळीचं पाप पुसायला शुद्ध तेलाचा फारसा उपयोग झाला नव्हता.

पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव खोटा का, असं कुणी विचारेल. खोटा नाही, अपुरा आहे. ज्यांना गुण आला त्यांचीच आठवण घराण्यात राहते. १९९०मध्ये ऑस्ट्रेलियात मुरमांच्या १२४ रुग्णांवर टी-ट्री तेलाची बेन्झॉइल पेरॉक्साइड या औषधाशी तुलना झाली. तेलाने गुण उशिरा आला, पण आला, आणि त्रासही कमी झाला. श्रेय तेलाला द्यायचं तर ते असं तपासून द्यावं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दुकानातल्या गोरं करणाऱ्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं, त्याने चेहऱ्याची वाट लागते, त्यापेक्षा तेल काय वाईट? अगदी खरं. म्हणूनच सरकारला अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घालावं लागलं. पण ट्यूबला जे विचारायचं तेच बाटलीलाही विचारावं लागेल: आत काय आहे, किती आहे, कुणाला चालत नाही. राहिली श्रद्धा. अभ्यंगस्नानाला मुरूम बरे करून दाखवण्याची गरज नाही. सणाच्या पहाटे घरातल्या कुणीतरी पाठीला तेल चोळावं, एवढ्यासाठीही ते व्हावं. मात्र दिवाळीनंतर कपाळावर पुळ्या उठल्या तर पोरीचं खाणंपिणं काढण्याआधी आठ दिवस तेल बंद करून पाहावं, आणि तरी बसल्या नाहीत तर त्वचेच्या डॉक्टरांकडे न्यावं.