दुखरा गुडघा आणि यात्रेकरू

आषाढी जवळ आली की पंढरपुरात राहणाऱ्या माणसाला पावलांचे मोल कळू लागते. आळंदीहून निघालेली पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट तुडवून वाखरीच्या तळावर येते. तिच्यामागे गुडघ्याला फडके बांधलेली म्हातारी माणसेही असतात. आम्ही ख्रिस्ती असलो तरी दरवर्षी रस्त्याच्या कडेला उभे राहून हे चालणे आदराने पाहत आलो आहोत. अशाच दिवसांत आमच्या भाच्याचा गुडघा निकामी झाला आणि आमच्या घरात एक प्रश्न येऊन बसला.

कबड्डीच्या सामन्यात चढाई करून परतताना त्याचा पाय मातीत रुतला, अंग मात्र फिरले. सोलापूरला तपासणी झाली. गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध एकमेकांना छेदून जातात. क्रूसाच्या या आकारावरूनच वैद्यकाने त्यांना नाव दिले आहे. त्यांपैकी पुढचा बंध तुटला होता. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि वळताना सांधा सावरणे हे त्याचे काम. हा बंध सहसा नुसता शिवून भागत नाही. रुग्णाच्याच शरीरातील कंडरा काढून त्या जागी नवा बंध बसवावा लागतो आणि पुढे नऊएक महिने चिकाटीने व्यायाम करावा लागतो.

घरात तीन मते झाली. आमची बहीण म्हणाली, मुलीच्या लग्नासाठी जपलेले सोने मोडू, पण मुलाचा पाय धड करू. मेहुणे म्हणाले, पोरगा चालतो आहे, मग कापाकापी कशाला? आजी म्हणाली, देवाने दिलेला क्रूस आहे, तो मुकाट्याने वाहावा. भाचा काहीच बोलेना. त्याला पोलीस भरतीत उतरायचे होते आणि तेथे सोळाशे मीटर धावावे लागते.

वैद्यकशास्त्राने निर्णय सोपा केला असता, तर आम्ही हे लिहिले नसते. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काहींची शस्त्रक्रिया लगेच केली. उरलेल्या ५९ जणांना आधी व्यायाम दिला व गरज पडली तरच शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या प्रकृतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्या ५९ पैकी २३ जणांनी मात्र मागाहून शस्त्रक्रिया करून घेतली होती. २०२२ मध्ये ब्रिटनमधील ३१६ रुग्णांचा अभ्यास आला. दुखापत जुनी झाली असून गुडघा वारंवार दगा देत असेल, तर शस्त्रक्रियेचा लाभ अधिक, असे त्यात दिसले. म्हणजे शास्त्र पर्याय दाखवते. निवड मात्र आपल्यालाच करावी लागते.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे वाट दाखवते. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये वैद्यांपुढे बोलताना सांगितले की, जीवन व आरोग्य जपण्यासाठी साधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे. परंतु स्वतःवर वा इतरांवर जड ओझे टाकणाऱ्या उपायांची सक्ती नाही. ‘इतरांवर’ हा शब्द आमच्या बहिणीच्या सोन्यापाशी आम्हांला थांबवून गेला. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानेही शरीर ही देवाने सोपवलेली ठेव मानली आहे. आणि त्याच ठिकाणी शरीराची पूजा करण्याविरुद्ध, खेळातील यशाला दैवत बनवण्याविरुद्ध सावधही केले आहे. ठेव सांभाळायची असते. तिला देव्हाऱ्यात बसवायचे नसते.

या संदर्भात संत इग्नेशियस लोयोला यांची आठवण होते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला. हाड नीट बसले नव्हते म्हणून ते पुन्हा मोडून बसवले गेले. त्यात ते मरणाच्या दारी जाऊन आले. ही शस्त्रक्रिया गरजेची होती. पुढे गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला. तो घट्ट बुटांत शोभणार नाही म्हणून त्यांनी तोही कापून घेतला. ही दुसरी वेदना केवळ मिरवण्यासाठी होती. दोन्ही वेळा पाय तोच आणि सोसणेही तसेच. फरक होता तो हेतूत. परंतु देवाची कृपा अशी की, त्या अंथरुणावरच ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे त्यांच्या हाती पडली. पुढे आयुष्यभर थोडे लंगडतच ते चालले, १५२३ मध्ये यरुशलेमला पोहोचले आणि आत्मकथनात त्यांनी स्वतःला नाव दिले ते ‘यात्रेकरू’.

तेव्हा आम्ही भाच्याला एवढेच विचारले, ‘बाळा, गुडघा तुला कशासाठी हवा?’ तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मामा, चषकासाठी नको. पण घराला हातभार लावायला हवा. मात्र ताईचे सोने मोडू नका.’ या उत्तराने मार्ग दिसला. तीन महिने त्याने नेमाने व्यायाम केला. तरीही चंद्रभागेच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना गुडघा दोनदा निसटला. असा गुडघा वारंवार निसटू दिला, तर आतील गादीही झिजते, फाटते. म्हणून आता शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यासाठी त्याने आपली मोटारसायकल विकली. उरलेली रक्कम आम्ही नातलग मिळून उभी करणार आहोत. यंदाची भरती मात्र हुकणार आहे.

आजीचेही पूर्ण चुकले नव्हते. बरे होण्यासारखे दुखणे अंगावर काढणे म्हणजे क्रूस वाहणे नव्हे. पण उपायांनंतरही जे उरेल, ते श्रद्धेने स्वीकारणे हा क्रूसच आहे. संत पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून प्रभूकडे तीनदा विनवणी केली, आणि काटा निघाला नाही तेव्हा तो घेऊनच सुवार्तेच्या वाटेवर तो चालत राहिला. आधी विनवणी, मग स्वीकार, हा क्रम आपणही सोडू नये.

शस्त्रक्रियेनंतर भाचा धावेल की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. कदाचित तो थोडा लंगडेलही. पण आपल्या पायांसाठी बहिणीचे ताट ओढून घ्यायचे नाही, हे त्याने खाटेवर पडल्या पडल्या ठरवले. त्याच्या यात्रेतील पहिले पाऊल तेथेच पडले, असे आम्हांला वाटते.