पावसाचा खाडा

मुलुंड-भांडुप-घाटकोपर या पट्ट्यातल्या सोसायट्यांमधलं गवत मी गेली वीस-एक वर्षं कापतो. खरं तर कापत नाही, कापून घेतो. पाच माणसं, पेट्रोलवर चालणारे दोन लॉनमोअर, खांद्याला अडकवायचे तीन ब्रश कटर, एक जुना टेम्पो आणि चौदा सोसायट्यांशी वार्षिक करार, एवढाच हा धंदा. गवत कापण्यात विचार करण्यासारखं काही असेल असं मला बरीच वर्षं वाटलं नव्हतं. पावसाने ते करायला लावलं.

आमच्या धंद्याची अडचण अशी, की गवत ज्या महिन्यांत सगळ्यांत जोरात वाढतं, नेमकं त्याच महिन्यांत ते कापता येत नाही. ओलं गवत पात्याखाली नीट तुटत नाही, फाटतं. मग शेंडे पिवळे पडतात. यंत्राच्या पोटात लगदा साठतो. चाकं मातीत रुततात आणि त्या खाचा दिवाळीपर्यंत दिसत राहतात. हल्ली बऱ्याच बागा पार्किंगच्या स्लॅबवर असतात, तिथे माती जेमतेम वीतभर. पाण्याचा निचरा झाला नाही तर पाय ठेवताच चिखल होतो. शिवाय गवताचा एक नियम आहे. उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कापू नये. तीन आठवडे पावसाने थांबवलं आणि मग एकदम कापलं, तर खालचं पिवळं बूड उघडं पडतं आणि लोक विचारतात, “टक्कल का केलंत?”

म्हणजे पावसाने चुकलेलं काम संपत नाही, साठतं. गुडघाभर गवत दोन वेळा उंची बदलून कापावं लागतं. मध्ये लव्हाळा, टाकळा माजलेला असतो, तो हाताने उपटावा लागतो. एका कापणीला दुप्पट वेळ लागतो. वहीत मात्र ती एकच कापणी दिसते.

आता पैशाचं. सोसायट्या मला महिन्याचे पैसे देतात. मी माणसांना रोजाने देत असे. काम झालं तर रोज, नाही झालं तर खाडा. माझ्या आधीचे ठेकेदारही असंच करत आणि मी त्यांच्याकडूनच शिकलो. या व्यवस्थेचा अर्थ मला कितीतरी उशिरा कळला. पाऊस पडून काम बंद राहिलं की माझं बिल तेवढंच राहायचं आणि मजुरी वाचायची. एखाद्या जुलैत सव्वीसपैकी अकराच दिवस काम झालं, तर उरलेल्या पंधरा दिवसांची पाच जणांची मजुरी माझ्याच खिशात राहायची. मला कोणाला फसवायचं नव्हतं. पण पावसाचा प्रत्येक दिवस मला थोडा श्रीमंत करत होता आणि त्यांना थोडं गरीब, हे खरंच होतं.

आणि तेही वर्षातल्या सगळ्यांत वाईट वेळी. जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात, वह्या-गणवेश येतात. छपरावर नवं प्लास्टिक टाकावं लागतं. तापाची साथ येते. पावसाळ्यात मिळकत कमी होते आणि खर्च वाढतो. माझ्याकडचे सगळ्यांत जुने कामगार मूळचे मुरबाडकडचे आणि वयाने माझ्यापेक्षा मोठे, म्हणून मी त्यांना मामा म्हणतो. मुलुंडच्या डोंगरालगत त्यांची खोली आहे. एका जुलैत सलग आठ दिवस काम बंद होतं. नवव्या दिवशी झिमझिम होती. पेट्रोलचं यंत्र बिघडलेलं, म्हणून एका सोसायटीचंच विजेवर चालणारं यंत्र घेतलं. वायरच्या जोडाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली होती. मी म्हटलं, “मामा, आज नको.” ते म्हणाले, “शेठ, आजचा खाडा नको. होऊन जाईल.” मी गप्प राहिलो. दहा मिनिटांत त्यांना झटका बसला आणि ते मागे फेकले गेले. सुदैवाने जोड सुटला. अर्ध्या तासाने ते चहा पीत हसत होते आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा हजर होते.

तो निर्णय त्यांचा होता असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. मी नको म्हटलं होतं ना? पण माझ्या “नको”ची किंमत त्यांनी एकट्याने भरायची होती. माझं काहीच जाणार नव्हतं. ज्याच्या सावधपणाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं, त्याचा सावधपणा फारच स्वस्त असतो.

तरीही मी बदललो नाही. बदललो तो माझ्या स्वतःच्या खिशाला हात लागला तेव्हा. एका सोसायटीच्या नव्या कमिटीने हिशेब काढला, की करारात पावसाळ्यात महिन्याला चार कापण्या, झाली एकच. म्हणून तीन कापण्यांचे पैसे कापले. मी तावातावाने मीटिंगला गेलो. म्हणालो, पाऊस काय माझ्या हातात आहे? माझी माणसं, यंत्रं तयार होती. तुमचा वॉचमन रात्रभर बसतो आणि चोर येत नाही, तेव्हा त्याचा पगार कापता का? लिफ्ट वर्षभर बंद पडली नाही म्हणून तिच्या देखभालीच्या करारातले पैसे परत मागता का? तयार राहण्याचेही पैसे असतात.

युक्तिवाद चांगला होता. खजिनदार हे निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “मग तुम्ही तुमच्या माणसांना त्या दिवसांचे दिलेत का? दिले असाल तर आम्ही कापत नाही.”

मी दिले नव्हते. खोटं बोलायला तयारीही नव्हती.

घरी येताना मला आपल्याकडचा जुना शब्द आठवत होता: अस्मानी-सुलतानी. आभाळातून येतं ते अस्मानी, त्याला कोणी जबाबदार नाही. राज्यकर्त्यामुळे येतं ते सुलतानी, त्याचा जाब विचारता येतो. पाऊस अर्थातच अस्मानी, असं मी धरून चाललो होतो. पण मुंबईचा पाऊस कसला अचानक येतो? हवामान खात्याच्या हिशेबात त्याची इथे येण्याची सरासरी तारीख 11 जून आणि परत जाण्याची 8 ऑक्टोबर. 2025 मध्ये तो 26 मे लाच आला, म्हणजे चुकतोही. पण चार महिने तो असणार हे कोणाला माहीत नसतं? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला, ती आपत्ती. जुलैत दहा-पंधरा दिवस गवत कापता न येणं ही आपत्ती नव्हे, तो धंद्याचा खर्च आहे, पेट्रोलसारखा, पात्याला धार लावण्यासारखा. आणि खर्च आहे म्हटल्यावर तो कोणाच्या नावावर टाकायचा हे माणसं ठरवतात. पाऊस अस्मानी खरा, पण खाडा सुलतानी आहे, आणि माझ्या पाच माणसांपुरता सुलतान मी होतो.

या प्रश्नावर अ‍ॅडम स्मिथने 1776 सालीच लिहून ठेवलं आहे हे नंतर वाचनात आलं. तो गवंड्याचं उदाहरण घेतो. कडाक्याच्या थंडीत किंवा खराब हवेत गवंड्याला काम करता येत नाही, म्हणून कामाच्या दिवसांच्या मजुरीत रिकाम्या दिवसांचा निर्वाह आणि त्या दिवसांतली काळजी, या दोन्हींची भरपाई असली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. काळजीचीही भरपाई! हे वाचून मी थोडा चकित झालो. स्मिथला वाटतं बाजार हे आपोआप करेल. माझ्याकडे तसं झालं नव्हतं. माझ्या माणसांचा रोज वॉचमनच्या दिवसाच्या पगाराएवढाच होता आणि वॉचमनला खाडा नव्हता. कारण उघड आहे. सकाळी कुठल्याही नाक्यावर जा, काम मागणारे पन्नास उभे असतात. मी कमी देऊ केलं तरी कोणीतरी येतोच. ज्याला आज संध्याकाळी पीठ घ्यायचं आहे, तो जुलैचा पाऊस हिशेबात धरून मेमध्ये घासाघीस करू शकत नाही.

या नाक्यामुळेच मला प्रश्नाचं नेमकं टोक सापडलं. पावसाळ्यात माझी माणसं सातला येतात. आठला पाऊस असतो, मी म्हणतो थांबू या, उघडेल. नऊला उघडीप मिळते, यंत्र बाहेर काढेपर्यंत पुन्हा सर. दहाला मी म्हणतो, आज राहू दे. तोवर नाक्यावरची माणसं कामावर गेलेली असतात. सातलाच “नको” म्हटलं असतं, तर त्यांना कदाचित दुसरं काही मिळालं असतं. त्यांचा दिवस पावसाने बुडवला हे अर्धंच खरं. उरलेला अर्धा पाऊस थांबेल या माझ्या आशेने बुडवला. पाऊस माझा नव्हता, पण त्यांची सकाळ मी घेतली होती. घेतलेल्या वस्तूचे पैसे द्यायचे असतात, यात दयेचा प्रश्नच येत नाही.

किती द्यायचे? इथे मला वडील आठवले. ते भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. कच्चा माल आला नाही की ले-ऑफ व्हायचा. गेटवर हजेरी लावून ते घरी यायचे आणि अर्धा पगार मिळायचा. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद पुढे घालण्यात आली: कामगार हजर झाला आणि मालक काम देऊ शकला नाही, तर निम्मा पगार. नुकसान दोघांनी वाटून घ्यायचं. पण ती कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी होती, तीही पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे. पाच माणसांच्या गवतवाल्याला ती लागू नव्हती. याच महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला. पाऊस न पडल्याने ज्यांचं काम जातं, त्यांना सरकारने काम द्यायचं आणि देता आलं नाही तर भत्ता, असं त्यात मान्य केलं गेलं. पाऊस न पडण्याचा भार सगळ्यांनी उचलावा हे आपल्याला पटलं. पाऊस पडण्याचा भार मात्र अजून एकट्यादुकट्याच्या डोक्यावर आहे.

पुढच्या जूनपासून मी अर्धा रोज द्यायला लागलो. जो सातला आला आणि पावसामुळे परत गेला, त्याला अर्धा. वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखला. सोसायट्यांना सांगितलं, की दर थोडा वाढवतो, कारण असं असं आहे. अकरा सोसायट्यांनी मानलं, काहींनी कुरकुरत. तीन सोडून गेल्या. त्यांना स्वस्तात करणारा मिळाला आणि त्याच्याकडे खाडा आहे. म्हणजे माझ्या न्यायाने काही माणसांचा अर्धा रोज सुरू झाला आणि तीन सोसायट्यांचं काम अशा ठिकाणी गेलं जिथे तोही नाही. एकट्याने नीट वागण्याची ही मर्यादा आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ही मर्यादा दाखवून आपण काहीच न करण्याची पळवाट काढतो, हेही मी अनेक वर्षं केलेलं असल्यामुळे ओळखतो.

अडचण आणखी एका बाजूने आली, जिथून अपेक्षित नव्हती. पहिल्या महिन्याचा हिशेब केला तेव्हा मामांनी पैसे मोजले आणि काही नोटा बाजूला ठेवल्या. “शेठ, हे कशाचे? गवत तर कापलं नाही.” मी म्हटलं, थांबलात त्याचे. ते म्हणाले, “थांबायचे कोण पैसे देतो?” त्यांना ती भीक वाटत होती. मी वॉचमनचं उदाहरण दिलं, लिफ्टचं दिलं, मीटिंगमध्ये वापरलेलं सगळं पुन्हा वापरलं. त्यांनी पैसे घेतले, पण पटलं नव्हतं. त्यानंतर पावसाने काम अडलं की ते स्वतःहून पात्यांना धार लावत बसतात, यंत्राच्या पोटातला लगदा खरवडतात, बागेच्या गटाराच्या जाळीत अडकलेली पानं काढतात. मला ते बघून आधी बरं वाटलं आणि मग वाटेना. थांबण्याचे म्हणून दिलेले पैसे ते काम करून फेडत होते. अर्ध्या रोजात मला बरंच काम फुकट मिळू लागलं होतं. शेवटी ठरवलं, की धार लावली, यंत्र साफ केलं तर पूर्ण रोज. नुसतं थांबून गेलात तर अर्धा. तेव्हा कुठे ते हसले.

19 ऑगस्ट 2025 ला मुंबईत रेड अलर्ट होता. सरकारी-निमसरकारी कार्यालयांना सुट्टी जाहीर झाली, खासगी कंपन्यांना घरून काम करू द्या असं सांगण्यात आलं. ती सुट्टी योग्यच होती. पगारदारांचा त्या दिवसाचा पगार कोणी कापला नाही, आणि कापला असता तर आपण सगळेच चिडलो असतो. म्हणजे पावसात माणसाने घरी थांबावं आणि त्याची चूल पेटावी, हे तत्त्व आपल्याला मान्यच आहे. ते कोणाकोणाला लागू करायचं, एवढंच ठरायचं आहे.

त्या दिवशी मी सकाळी सहालाच सगळ्यांना फोन केले, येऊ नका. मग वही उघडली आणि अडलो. नियम “सातला आला तर अर्धा” असा होता. आज कोणी आलंच नव्हतं, मीच येऊ दिलं नव्हतं. त्यांची सकाळ मी घेतली नव्हती. पण त्या दिवशी नाकाही भरला नसता. बराच वेळ पेन हातात धरून बसलो. मग पाचही नावांपुढे अर्धा लिहिला. नियमात ते बसत नव्हतं. नियमच अपुरा होता.